हिरमुजी

२२ सप्टेंबर १९१८, रविवार

मधू, आधी तुझी खुशाली सांग. गुडघा बसऱ्याच्या उन्हात सुधारला, की अजून चढताना कुरकुरतो? तुझ्या तंबूतल्या भैयाजीच्या पाठीवरचं गळू फुटलं का? फुटलं नसेल तर त्याला दाबू देऊ नको, जवसाचं पोटीस बांध. तुमच्या पलटणीचा तो आचारी, ज्याच्या वरणात तुला चिंच सापडते पण डाळ सापडत नाही, त्याला ताप होता म्हणत होतास; तो उठला का? आणि साहेबाची ती लंगडी घोडी? तिचं कोणी विचारत नसेल म्हणून मी विचारतो.

इकडे तुझी आई खणखणीत आहे. माझ्यावर ओरडली नाही असा दिवस गेला की मीच तिची नाडी पाहतो. सूनबाई पुष्पलता बरी आहे. दुपारी तुझ्या जुन्या सदऱ्यांची गोधडी शिवत बसते आणि विचारलं की म्हणते, "पोतेरं करून राहिली, मामाजी." गाय आटली, म्हणून जयवंता गवळणीकडून दूध घेतो. पाऊस रुसला तो रुसलाच.

तुझ्या पत्राला महिना लागतो, माझ्याला त्याहून जास्त. म्हणून ठरवलं की या वहीत सुचेल तसं लिहावं आणि वही भरली की तुला पाठवावी. नको वाटेल ते पान फाडता येईल.

तू जहाजावरून लिहिलं होतंस की उजव्या हाताला एक तांबडं बेट दिसलं आणि खलाशी म्हणाला, हे हुरमूझ. ते वाचून मी उठून उभाच राहिलो. अरे, रंगाच्या कारखान्यात गोणीतून यायची ती आपली हिरमुजी माती, ती या हुरमूझची! तांबड्यात थोडं जांभळं मिसळलेला रंग, गेरूपेक्षा गंभीर. सगळा जन्म मी ती सुताला चोळली, पण हे नाव आलं कुठून ते कधी विचारलं नाही. मुलगा तिच्या दारावरून गेला तेव्हा कळलं. तेव्हापासून मला छंद लागला आहे, हा शब्द आणखी कुठं कुठं भेटतो ते पाहायचा. शब्द भेटला की वाटतं, तू त्या वळणावर उभा आहेस.

२५ सप्टेंबर

वाचनालयात गेलो. मनोहरराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "का जी बाबाराव, पेन्शनीत लोक नातवंडं खेळवतात, तुम्ही शब्द खेळवून राहिले!"

मी म्हटलं, "नातवाचा होणारा बाप बसऱ्यात आहे. तवरिक शब्दच खेळवतो."

ते हसले आणि समुद्रावरच्या चोरांचं एक पुस्तक काढून दिलं. वाळवीने अर्धं खाल्लेलं. त्यात सापडला! त्या खाडीतले चांचे आपल्या होड्यांच्या तळाला चरबी आणि हिरमुजी माती कालवून फासत, लाकडाला कीड लागू नये म्हणून. लाटेवर होडी उचलली गेली की तो तांबडा तळ दिसे, आणि लांबचे व्यापारी नुसता रंग पाहून माल टाकून पळत. मला वाचताना गंमत वाटली. मग तुझी आठवण झाली आणि वाटली तेवढी गंमत राहिली नाही. आता तिथे चांचे नाहीत ना? कळव.

३० सप्टेंबर

आज दोनदा भेटला. एकदा वनस्पतींच्या पुस्तकात: ओसाड जागी उगवणारं झुडूप, "देठ हिरमुजी, पान लवदार, गुरे तोंड लावीत नाहीत." दुसऱ्यांदा मोत्यांची पारख सांगणाऱ्या एका चोपड्यात. पुष्पलतेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामाजी, हा शब्द तुमच्या मागं मागं येऊन राहिला." मी म्हटलं, "मी त्याच्या मागं आहे, पोरी." अक्षरं मीच शिकवली तिला, आता माझ्या चुका काढते.

मुंबईहून रेल्वेने नागपुरात एक ताप आला आहे म्हणतात. इतवारीत एकाच घरातली दोन माणसं गेली. तुझी आई म्हणते, दरसाल येतो तो ताप. असेल.

४ ऑक्टोबर

घोड्यांच्या रोगावरचं पुस्तक मी तुझ्या साहेबाच्या घोडीसाठी मागवलं होतं, खरं सांगतो. चाळताना मध्येच वाक्य आलं: "हिरड्या हिरमुजी झाल्यास घोड्यावर पुढे खर्च करू नये."

पुस्तक मिटलं. शब्द तोच, रंग तोच. समोरच्या गल्लीतून आज तीन तिरड्या गेल्या. घाटावर लाकूड मिळत नाही म्हणून एक परत आणावी लागली.

७ ऑक्टोबर

सगळे घरं धुवून चुना लावत आहेत, रोग भिंतीतून राहतो म्हणे. पण चुना गावात उरलाच नाही. मग मला माळ्यावरची गोणी आठवली. कारखाना सोडताना उरलेली हिरमुजी मालकाने मला दिली होती. ती कडुलिंबाच्या काढ्यात कालवली आणि पुष्पलतेची खोली आधी सारवली, कारण ती कोंदट, आणि घरात तरणी पुष्पलताच; हा ताप तरण्यांनाच धरतो म्हणतात. चारी भिंती, दाराची मागची बाजू, कोनाडे, सगळं. हात चालताना वाटत होतं, तुझ्या वाटेवरची माती तुझ्या बायकोभोवती लावतोय, ती तिला जपेल.

तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "देवळाचा गाभारा केला का हो! आता पोरीले शेंदूर लावून बसवता?"

खोली मात्र अशी रंगली की माझं पांढरं धोतरही आत गेलं की उतरत्या उन्हासारखं दिसतं. पुष्पलतेने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, "मामाजी, दूध हाय की गुळवणी, समजूनच नाही राहिलं." बऱ्याच दिवसांनी तिघं हसलो.

९ ऑक्टोबर

वाचनालयाला कुलूप. मनोहरराव पडले आहेत.

१० ऑक्टोबर

पुष्पलतेच्या अंगात ताप आहे. सकाळी चूल पेटवताना थरथरत होती. म्हणाली, धूर लागला.

१२ ऑक्टोबर

रामाजी वैद्याकडे गेलो. अंगणात माणसांची रीघ. तो भिंतीला टेकून उभ्या उभ्याच औषध देत होता; डोळे खोल गेलेले. काढ्याची पुडी हातात ठेवून म्हणाला, "बाबाराव, मी तुमच्या घरी येऊ शकत नाही. माझ्याच घरात दोघं पडले आहेत. काढा देत राहा, पेज पाजत राहा, आणि चेहरा पाहत राहा. पांढरा, पिवळा कसाही असो, माणूस उठू शकते. पण गालावर, ओठावर तो रंग चढला..." त्याला शब्द सापडेना. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्हाले काय सांगायचं जी? तुम्ही रंगारी. हिरमुजी. तसा झाला की मग औषध पाजून जीवाले त्रास देऊ नका. देवाचं नाव घ्या."

मी मान हलवली. तो पुढे म्हणाला, "तुमच्या इतका रंगाचा डोळा या वस्तीत कोणाचा आहे? तुम्हीच पाहा."

मी हा शब्द पुस्तकापुस्तकातून हाका मारून बोलावला, मधू. चांच्यांच्या होडीतून, झुडपाच्या देठातून, घोड्याच्या हिरडीतून. आता तो आला.

१३ ऑक्टोबर

दर घटकेला तिचा चेहरा पाहतो. ती डोळे मिटूनच असते. एकदा उघडले आणि म्हणाली, "असे काय पाहता, मामाजी? मी भिऊन राहिली."

मी म्हटलं, "रंग पाहतो, पोरी."

"चांगला हाय ना?"

"चांगला आहे," म्हटलं. सांगताना तिच्याकडे पाहिलं नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला कोणी आलं नाही. आपणही गेलो नाही.

दुपारी उन्हं पश्चिमेच्या खिडकीतून आत आली, भिंतीवर पडली, आणि मी वाकून पाहिलं. तो होता. गाल, ओठ, नखांच्या मुळाशीसुद्धा. तांबड्यात जांभळं. मी आयुष्यात इतका ओळखीचा रंग पाहिला नाही.

तुझ्या आईला हाक मारली. ती म्हणाली, "नीट पाहा हो. घाई नका करू."

"रुखमा, मी रंगात कधी चुकलो आहे का?"

"नाही चुकले," म्हणाली, आणि सारवायला शेण आणायला गेली.

मग जे करतात ते केलं. भुई सारवली, दर्भ पसरला, वर एक कांबळं. दोघांनी मिळून तिला खाटेवरून खाली घेतलं; किती हलकी झाली होती! तुझ्या आईने तिला कुंकू लावलं, नव्या हिरव्या बांगड्या भरल्या, कारण सवाष्ण रित्या हाताने जाऊ नये. मी देवघरातली गंगेची कुपी फोडली आणि तुळशीपानाने थेंब ओठांवर सोडले. काढा दिला नाही. पेज दिली नाही. रामाजी म्हणाला होता, त्रास देऊ नका.

उशाशी बसून आहे. तुला काय लिहू?

१५ ऑक्टोबर

सकाळी जयवंता दूध घेऊन आली. दारातून कोणी ओ दिली नाही म्हणून चरवी घेऊन सरळ आत शिरली आणि चौकटीत थबकली.

"का जी बाबाराव! जित्या लेकीले भुईवर काहून टाकली?"

मी म्हटलं, "जयवंता, आता काही राहिलं नाही. रंग पाहा तिचा."

"कोणता रंग? या गुहेत मले माये हात दिसून नाही राहिले, तिचा रंग कुठून दिसन? अन् हे कोंडून काहून ठेवली? म्हैस आजारी पडली तरी आमी तिले बाहेर बांधतो!" तिने चरवी खाली ठेवली, कांबळ्याची दोन टोकं धरली आणि मला म्हणाली, "उठा. धरा तिकडून. मरायचं असन तर मोकळ्यात मरन."

तुझी आई "नको, नको" म्हणत राहिली. आम्ही पुष्पलतेला अंगणात आणलं, तुळशीजवळ. ऊन अजून कोवळं होतं, सावलीतला उजेड पांढरा होता.

मी पाहिलं. मधू, तिचा चेहरा कोरा होता. न रंगवलेल्या सुतासारखा, पिवळट, मलूल, ओठांवर कोरडे पापुद्रे. हिरमुजीचा एक टिपका नाही.

मी माझा हात तिथेच उन्हात पाहिला, नेहमीसारखा सावळा. मग खोलीत परत गेलो आणि तिथे उभा राहून हात पुन्हा पाहिला. नखांच्या मुळाशीसुद्धा हिरमुजी. माझा, जिवंत, धडधाकट हात.

कारखान्यात सूत पारखायचं ते सकाळी, उघड्यावर, पांढऱ्या चादरीवर. रंगीत भिंतीजवळ लडी धरली म्हणून मी हाताखालच्या पोरांच्या पाठीत धपाटे घातले आहेत. भिंत आपला रंग सुताला उसना देते, हे मीच त्यांना शिकवलं. आणि भिंत रंगवली कोणी?

बाहेर आलो तेव्हा जयवंता कापसाचा बोळा दुधात बुडवून तिच्या ओठात पिळत होती आणि तुझ्या आईवर ओरडत होती, "रडता काय वं बाई, शेगडी आणा, पाय पाहा कसे गार पडले!"

पुष्पलतेने दूध गिळलं. मी ते गिळणं गळ्यावर पाहिलं.

१७ ऑक्टोबर

खोकला छातीत उतरला आहे. श्वास घेताना घरघर वाजते. रामाजीला निरोप धाडला. तो स्वतःच अंथरुणावर आहे. एक पूर्ण रात्र मी तिला भुईवर ठेवलं, उपाशी, औषधाविना. ती गेली तर तापाने गेली असं तुझी आई म्हणेल. मी म्हणू शकणार नाही.

हे पान फाडीन.

२० ऑक्टोबर

पहाटे घाम सुटला. कपाळ थंड लागलं तेव्हा मी इतका घाबरलो की तुझ्या आईला हलवून उठवलं. तिने हात लावला आणि म्हणाली, "ताप उतरला हो, ताप! ओरडता काय?"

मनोहरराव गेल्याचं आज कळलं. त्यांची तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत.

२३ ऑक्टोबर

अर्धी वाटी पेज, दोनदा. खाट अंगणातच आहे, वर कापडाचा आडोसा बांधला. ती खोलीत जायला तयार नाही आणि मी तिला नेणार नाही.

आज विळ्याने भिंती खरवडायला घेतल्या. हिरमुजी पक्की बसते, तिचा तोच गुण. कोनाड्यात हात पोचत नव्हता तेव्हा तुझी आई स्टूल घेऊन आली आणि दुसरा विळा घेऊन माझ्या बाजूला खरवडू लागली. दोघांचे केस तांबडे झाले. एरवी मला काही तरी टोचून बोलली असती.

२८ ऑक्टोबर

पुष्पलता आज तक्क्याला टेकून बसली. तुझी आई देवळात गेली होती. मी तिच्यासाठी संत्रं सोलत होतो. ती एकाएकी म्हणाली, "मामाजी, तुम्ही मले खाली घेतलं ना, तवा मी जागी होती."

"मग बोलली काहून नाही, पोरी? हुं तरी करायचं!"

"जीभच उचलत नव्हती." मग थोडं थांबून, अगदी साधं सांगावं तसं म्हणाली, "अन् मले वाटलं, मामाजी रंगात चुकत नाहीत. मनलं, मग मी मेलीच असन."

मधू, मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवून मरण कबूल केलं होतं.

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिने पाय आखडून घेतले, "हे काय करता, पाप लावता का मले!" आणि त्या गडबडीत खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं. श्वास बसल्यावर मीच विचारलं, "भुईवर पडली होतीस तेव्हा काय मनात आलं?"

"सासूबाईनं बांगड्या भरल्या, हात दुखला. मनलं, मेल्यावर बी दुखते का?" जराशी हसली. मग पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "अन् एक आलं. सांगू नये."

"सांग."

"यांच्या हातचं माझं नाव मी कधी पाहिलंच नाही. तुम्ही अक्षरं शिकवली, समदं वाचता येते आता. पत्र आलं की दाराआडून ऐकते. त्यात समद्यायचं असते. गाईचं असते. मनलं, आता पाहायचं राहून गेलं."

मी उरलेलं संत्रं सोललं.

२ नोव्हेंबर

उद्या दिवाळी. लढाई आटोपत आली असं बाजारात बोलतात, पण तुला कधी सोडतील ते कोणी सांगत नाही. वहीची पानं उरली आहेत, तरी दिवाळी झाली की पार्सल करतो. एकही पान फाडलं नाही. तुझ्या बायकोला मी जिवंतपणी खाली घेतलं हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आता माझं ऐक. आपल्या घरात पत्र बापाच्या नावाने येतं आणि बायकोला "घरी सर्वांस" यातच बसवतात. मीही तसंच केलं. नागपूरबाहेर होतो तेव्हा तुझ्या आईला एक ओळ कधी लिहिली नाही. लाज वाटायची, आणि लाज वाटण्यालाच आपण मर्यादा म्हणत आलो. तू ते पाळत आलास, कारण मी तसं वळण लावलं. ते वळण आता मोड.

लिफाफ्यावर तिचं नाव घाल. सौभाग्यवती पुष्पलता, पूर्ण नाव, ठळक. माझं नाव वर कुठेही नको. पोस्टमन हसेल, हसू दे. तुझी आई नाक मुरडेल, तिला मी पाहून घेईन. आत काय लिहायचं ते तू जाण. तू तिथे जेवतोस काय, झोपतोस कुठे, तिची आठवण कधी येते, असलं काही लिही. मी ते फोडणार नाही. दारात तिच्या हातात देईन आणि जयवंताकडे दुधाचा हिशेब करायला निघून जाईन.

सुटी मिळण्याची वाट पाहू नको. खोकला अजून तिच्या छातीत आहे. रामाजी बरा झाल्यावर येऊन पाहून गेला. म्हणाला, हिवाळा निघाला तर वाचली. मी रोज सकाळी तिच्याकडे पाहतो, उघड्यावर, पांढऱ्या चादरीवर, आणि मला आता तिच्या रंगावरून काही सांगता येत नाही.

तर मधू, लवकर लिही. हे वाचून संपलं की त्याच बैठकीत लिही.